जपून काकू

कुकरची शिट्टी व्हायची वेळ झाली की काकू आम्हाला सगळ्यांना उठवून पुढच्या अंगणात घेऊन जात. कुणाच्या हातात लाकडी ठसा, कुणाची बोटं निळी, कुणी अनवाणी. तशीच आमची वरात बाहेर. आत पहिली शिट्टी होई. काकू डोळे मिटून, खांदे वर घेऊन उभ्या. दुसरी होई, तिसरी होई. मग घरातून काकांचा आवाज येई, "अगं, डाळ शिजतेय फक्त. या आत."

त्यावर काकूंचं उत्तर ठरलेलं. "होत नाही तोवरच होत नाही."

गंगापूर रोडवरून नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीच्या अगदी शेवटी त्यांचा बंगला होता. पलीकडे एके काळी द्राक्षबाग होती म्हणे. मी पाहिलं तेव्हा तिथे नुसतं गवत, सुबाभळीची झाडी आणि बिल्डरचा फाटका बोर्ड होता. काका नोकरीसाठी बरीच वर्षं गुजरातेत होते. तिथे शेजारच्या छपाईवाल्यांकडे बसून बसून काकू कापडावर ठसे मारायला शिकल्या. परत आल्या त्या पेट्या भरभरून ठसे घेऊन. सुट्टीत आणि रविवारी त्या आमच्यासारख्या शाळकरी पोरांना शिकवत. त्यांचं नाव गल्लीत कुणी घेत नसे. सगळे त्यांना ‘जपून काकू’ म्हणत, कारण त्यांच्या तोंडून निघणारा दर तिसरा शब्द ‘जपून’ असायचा. पाणी पिताना जपून. पायरी उतरताना जपून. एकदा एका मुलीला त्या म्हणाल्या होत्या, "हसताना जपून, ठसका लागतो."

मी नववीत होते आणि मला सगळ्याची भीती वाटायची. फळ्यापाशी बोलावलं की मी बाकाखाली काहीतरी शोधायला लागायची. फोन वाजला की मी दुसऱ्या खोलीत जायची. आईला वाटलं, मुलीला चार पोरांत मिसळायची सवय लागेल, जरा धीट होईल. म्हणून तिनं मला नेमकं नाशिकमधल्या सगळ्यात भित्र्या बाईच्या हवाली केलं.

आणि भित्र्या म्हणजे किती? धरणातून पाणी सोडलं, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं अशी बातमी आली की काकू ठशांच्या पेट्या वरच्या मजल्यावर हलवायला लागत. बंगला नदीपासून एवढा उंचावर होता की तिथवर पाणी यायचं तर आधी अर्धं नाशिक बुडायला हवं. काका हे नकाशा काढून समजावत. काकू ऐकून घेत आणि पेटी उचलत. मोबाईलवर येणारा प्रत्येक मेसेज त्यांना खरा वाटे. मुलं पळवणारी टोळी, प्लास्टिकचे तांदूळ, चार्जिंगला लावलेला फोन. आणि काळा रंग करायची त्यांची पद्धत तर बघण्यासारखी होती. गंजकं लोखंड आणि गूळ रांजणभर पाण्यात घालून तो रांजण मागच्या छपरीत कित्येक दिवस आंबत ठेवावा लागतो. त्यावर फेस येतो, बुडबुडे येतात. झाकण काढायची वेळ आली की काकू काकांचं हेल्मेट घालत, काच खाली ओढत आणि लांबूनच बांबूनं झाकण ढकलत. आम्ही हसून लोळायचो. पण हसता हसता आम्हीही दोन पावलं मागे सरकलेलो असायचो.

त्या भीतीची लागण व्हायची. काकूंकडून घरी येताना मला डोक्यावरच्या लोंबत्या वायरी दिसायला लागल्या. मी झोपायच्या आधी उठून गॅसचं बटण हुंगायला लागले. आई कपाळावर हात मारून म्हणाली, "धीट व्हायला पाठवली, तर ही दुप्पट भित्री होऊन आली!"

पण आईला एक गोष्ट माहीत नव्हती.

पहिल्या दिवशी काकूंनी माझ्यासमोर पांढरंशुभ्र कापड ताणून टाचण्या मारल्या आणि माझ्या हातात ठसा दिला. आंब्याच्या कोयरीचा होता. रंगाच्या तबकात तो टेकवला. कापडावर नेला. आणि तिथेच माझा हात थांबला. एकदा ठसा टेकला की टेकला. कापडावर खोडरबर चालत नाही. बाकीची मुलं धडाधड मुठीनं ठोके देत होती आणि माझा हात हवेत. कोयरीवरून एक थेंब गळायच्या बेतात.

मी काकूंकडे पाहिलं. आता त्या ‘घाबरू नकोस’ म्हणणार, जसे सगळे म्हणतात, आणि मग मला रडू येणार, हे मला पाठ होतं.

काकू वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "घाबरलीस?"

मी मान हलवली.

"मीही घाबरते. अजून. प्रत्येक नव्या कापडाला. सगळं कापड बघायचंच नाही. ही कडा बघ फक्त. आता ठेव."

मी ठेवला. कोयरी थोडी वाकडी उमटली. काकू ती बघून म्हणाल्या, "आता ही इथे आहे. आता हिच्या शेजारी दुसरी."

त्या सगळ्या महिन्यांत ‘घाबरू नकोस’ हे शब्द मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकले नाहीत. मला वाटतं, मी तिथे टिकले ती त्यामुळेच. बाकी सगळीकडे भीती लपवावी लागायची. तिथे ती उघड्यावर ठेवून काम करता यायचं.

त्या थंडीतली ती सकाळ. रविवार होता. आम्ही गेलो तेव्हा काकू दारातच मोबाईल घेऊन उभ्या होत्या.

"आज मागच्या अंगणात कुणी जायचं नाही," त्या म्हणाल्या. "ग्रुपवर आलंय. नदीकाठी बिबट्या दिसलाय."

काकांनी पेपर खाली न करताच म्हटलं, "व्हिडिओ मागच्या वर्षीचा आहे. दर थंडीत येतो. हाच बिबट्या गेल्या महिन्यात इंदिरानगरला फिरत होता आणि त्याच्या आधी नाशिकरोडला."

सगळे हसले. काकूही ओशाळून हसल्या. आदल्या दिवशी हिरड्याच्या पाण्यात भिजवलेली कापडं पिळून बादलीत ठेवली होती. ती वाळून पिवळसर झाल्याशिवाय त्यावर काळा रंग बसत नाही, आणि पोरं तर काळ्या रंगासाठीच आली होती. काकू बराच वेळ जाळीच्या दारातून मागे बघत राहिल्या. अंगणात स्वच्छ ऊन पडलं होतं. तारेवर चिमण्या होत्या.

"बरं, जा," त्या मला म्हणाल्या. बादलीजवळ मी उभी होते म्हणून मला. "वाळत घाल आणि लगेच आत ये. जपून."

अंगणात ओळीनं तारा बांधल्या होत्या. मी सगळ्यात लांबच्या तारेपासून सुरुवात केली. कापडं मोठी होती, पलंगपोसाएवढी, जवळजवळ जमिनीला टेकणारी. दोन तारा भरल्या. मी त्या दोन्हींच्या मध्ये होते, दोन्ही बाजूंना ओली कापडं. आधी चिमण्या उडाल्या. मग कुठेतरी कावळे ओरडायला लागले, एकदम खूप. आणि छपरीच्या पत्र्यावर काहीतरी जड पडलं.

मला वाटलं, नारळाची झावळी असेल.

मग समोरच्या कापडाच्या खाली, कापडाची कड आणि फरशी यांच्या मधल्या वीतभर जागेत, मला पाय दिसले. सावकाश टाकलेले. एक, मग दुसरा, मग मागचे दोन. कुत्र्याचे नव्हते. ते थांबले. कापडाच्या पलीकडून श्वास ऐकू आला, आणि एक उग्र वास, ओल्या गोणपाटासारखा. मग पाय पुढे गेले. वाऱ्यानं कापड जरा हललं आणि मधल्या फटीतून मला तो पूर्ण दिसला. छपरीच्या सावलीत, रांजणाच्या बाजूला, तो पोट टेकून बसत होता. माझ्या आणि दाराच्या बरोबर मध्ये.

त्याच फटीतून पलीकडचं जाळीचं दार दिसत होतं, आणि दारात काकू आल्या होत्या. हातात रंगाचं तबक. मला उशीर झाला म्हणून बघायला आल्या असणार. दार अर्धं उघडं होतं. त्यांनी आधी मला पाहिलं, मग माझी नजर कुठे आहे ते पाहिलं, आणि मग त्याला पाहिलं. परत त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आणि माझ्याकडे बघत बघत त्यांनी दार ओढलं. कडी सरकली. खट्.

त्या आवाजानं त्यानं कान फिरवले. उठला नाही.

पुढचं मला सलग आठवत नाही. आत कुणीतरी रडायला लागलं आणि काकू मागे न वळता म्हणाल्या, "सगळ्यांना आतल्या खोलीत घ्या. आवाज नको." काकांचा फोनवरचा आवाज, हलका, घाईचा. मग सगळं शांत, आणि जाळीला कपाळ टेकवून उभ्या असलेल्या काकू. त्या बोलत होत्या. पुटपुटल्यासारखं नाही, आमच्याशी ठसा मारताना बोलत तशा नेहमीच्या आवाजात, फक्त तो आवाज मधूनच फाटत होता.

"माझ्याकडे बघ. त्याच्याकडे नको. पळू नकोस. खाली बसू नकोस. घाबरलीस तरी चालेल. मीही घाबरलेय. फक्त हलू नकोस."

माझ्या हातात पिळलेलं कापड होतं, त्याचं पाणी पायांवर गळत होतं. पाय ओले झाले ते त्यामुळे, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

मला वाटतं, तो गेलाही असता. दमलेला दिसत होता, रात्रभर माणसांतून वाट शोधत आलेला. पण तोवर आजूबाजूच्या गच्च्या भरल्या. मोबाईल वर झाले. कुणी शिट्टी मारली. एक बाई ओरडली, "अहो, पोरगी आहे तिथे! गप्प बसा!" पण ते कुणाच्या कानात शिरलं नाही. मग वरून एक वीट आली आणि छपरीच्या पत्र्यावर आदळली.

तो उठला तो सरळ माझ्या दिशेनं. काकू किंचाळल्या, "कापड!" म्हणजे काय ते मला आजही ठाऊक नाही, त्यांनाही नसावं. तार तुटली. ओलं कापड माझ्यावर कोसळलं आणि मी त्याच्यासकट खाली पडले. काही दिसेना. तोंडावर ओलं कापड, नाकात हिरड्याचा तुरट वास. अगदी जवळून, अंगाला घासूनच, काहीतरी प्रचंड वजनाचं गेलं. भिंतीवर नखं ओरखडल्याचा आवाज. मग लोकांचा गलका पुढच्या गल्लीकडे सरकत गेला.

मी उठले नाही. माझ्यावरचं कापड कुणीतरी ओढायला लागलं तेव्हा मी ते दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं. काका होते. पुढच्या दारानं, बंगल्याला वळसा घालून ते धावत आले होते. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. मागचं दार मात्र बंदच होतं. काकू आत कडी धरून उभ्या होत्या आणि त्यांची मूठ उघडत नव्हती. काकांना त्यांची बोटं सोडवावी लागली.

दुपारी त्या बिबट्याला दोन गल्ल्या सोडून एका पार्किंगमध्ये बेशुद्धीचं इंजेक्शन मारून पकडलं. इकडे तोवर आई काकूंच्या दारात पोहोचली होती. मी तिच्या मागे उभी होते.

"दार तुम्ही लावलंत?"

"हो."

"माझी मुलगी बाहेर आहे, हे दिसत होतं?"

"हो. तिच्याकडे बघतच लावलं."

आईला वाटलं असणार, ही बाई रडेल, पाया पडेल, काही कारण तरी सांगेल. काकू नुसत्या उभ्या. त्यानंतर आई जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. काकूंना मूल नव्हतं, एवढं सांगितलं की पुरे.

गल्लीत दोन तट पडले. आत असलेल्या पोरांचे आईबाप पेढे घेऊन काकूंकडे गेले. त्यांनी दार उघडलं नाही. बाकीचे म्हणत, एक क्षण उघडं ठेवलं असतं तर पोरगी पळत आत आली असती. कुणी म्हणे, पळाली असती तर त्यानं धरली असती. सगळे बोलत होते. काकू बोलत नव्हत्या. क्लास बंद झाला.

आणि मला झोप लागेना. घरात कुणी कडी लावली की मी दचकायची. बाथरूमचं दार नुसतं लोटून घ्यायची. आई गच्चीत चादरी वाळत घाली, त्यांच्या खालच्या फटीकडे माझी नजर जायचीच. "घाबरू नकोस, त्याला लांब जंगलात सोडलंय," बाबा म्हणायचे. शाळेत बाई म्हणायच्या. एक समुपदेशक ताई होत्या, त्याही गोड आवाजात तेच म्हणायच्या. बिबट्या जंगलात असला तर असू दे. मला रोज रात्री स्वप्नात जे दिसायचं त्यात बिबट्या नसायचाच. त्यात फक्त जाळीमागचा एक चेहरा असायचा आणि दार बंद होत असायचं.

शेवटी, उन्हाळ्याच्या तोंडावर, शाळेतून येताना मी त्या गल्लीत वळले. आईला न सांगता. आईला हे अजूनही माहीत नाही. त्या घराचा विषय निघाला की ती ‘ती बाई’ म्हणते आणि उठून जाते.

काकूंनी साखळी लावूनच दार किलकिलं केलं. मला पाहून साखळी काढली. त्या वाळल्या होत्या. काका बाहेर गेले होते. हॉलमध्ये छपाईचं टेबल भिंतीला लावून ठेवलेलं, त्यावर जुन्या पेपरांचा गठ्ठा. त्यांनी पाणी आणून दिलं. मी ग्लास हातात धरून विचारलं, "काकू, तुम्ही दार का लावलं?"

त्या समोर बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"आत एवढी पोरं होती," त्या म्हणाल्या. "असं मी म्हणू शकते. सगळे तेच म्हणतात. खोटं नाही ते. पण मी घाबरलेही होते गं. माझ्या जिवाला. हात गेला कडीवर. पोरांसाठी गेला का माझ्यासाठी, मला सांगता येत नाही. मी रोज आठवून बघते. तो हात जायच्या आधी मी काय विचार केला, ते सापडतच नाही."

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला गोड बोलून गप्प केलं नव्हतं.

"तू त्यानंतर कुठल्या अंगणात एकटी गेलीस?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, "मी नाही गेले. रांजण तसाच पडलाय. काकांनाही जाऊ देत नाही."

त्या उठल्या. मागच्या दारापाशी गेल्या. कडी काढताना ती जाळीवर खडखडत राहिली. दार उघडलं. बाहेर दुपारचं ऊन. तुटलेली तार तशीच लोंबत होती. मी ग्लास खाली ठेवला आणि उभी राहिले, पण माझे पाय पुढे जाईनात.

"तू नको येऊस," काकू म्हणाल्या. "तू इथेच थांब."

त्या एकट्या बाहेर गेल्या. एकेक पाऊल टाकत, भिंतीवर, छपरीवर, झाडीवर नजर ठेवत, मी त्या दिवशी जिथे होते तिथवर गेल्या आणि वळून उभ्या राहिल्या.

"आता दार लाव," त्या म्हणाल्या.

"काकू, नको."

"लाव गं. कडी लाव आतून. मला कळू दे."

मी दार ओढलं. कडीवर हात ठेवला. जाळीतून त्या मला चौकोना-चौकोनांत दिसत होत्या, शिजणाऱ्या डाळीला घाबरणारी ती बाई, रिकाम्या अंगणाच्या टोकाला. मी कडी सरकवली. तोच आवाज झाला. त्या जागच्या जागी एवढ्या दचकल्या की मला वाटलं, पडतील. तोंडाला पदर लावला. मग तो काढला आणि दोन्ही हात खाली सोडून उभ्या राहिल्या.

मी लगेच कडी काढायला गेले. त्या ओरडल्या, "थांब!"

मी थांबले. पलीकडच्या झाडीत वाऱ्यानं काहीतरी सळसळलं. काकूंची मान तिकडे गेली, परत माझ्याकडे आली. त्या माझ्याकडे बघत होत्या, सारख्या. आणि मी आत होते, माझ्या हातात कडी होती, समोर माणूस भीतीनं गारठलं होतं, आणि मी त्याच्याकडे बघत दार बंद ठेवलं होतं. झाडीत काही नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी आत्ता तिथून काही आलं तर माझा हात काय करील, हे मला सांगता येईना.

"उघड," त्या म्हणाल्या.

कडी पहिल्या झटक्यात निघालीच नाही. तळहाताला घाम आला होता. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा निघाली तेव्हा काकू जवळजवळ पळतच पायऱ्या चढून आत आल्या आणि भिंतीला पाठ टेकवून खाली फरशीवर बसल्या. ब्लाउज घामानं भिजला होता. मी पाण्याचा तोच ग्लास त्यांना दिला. त्या घटाघटा प्यायल्या. नेहमी आम्हाला पाणी पिताना सांगायच्या ते स्वतःला सांगायचं विसरल्या.

"फार वाईट असतं गं ते," त्या म्हणाल्या. "फार वाईट."

"हो," मी म्हटलं.

दार उघडंच होतं. बाहेरून गरम वारा आत येत होता. आम्ही दोघीही त्या उघड्या दाराकडे बघत होतो आणि दोघींनाही धीर धरवत नव्हता.

"लाव आता ती कडी," काकू म्हणाल्या.

मी उठले आणि लावली. या वेळी आम्ही दोघी आत होतो.